पाठमोरे

भाऊजी फरशीकडे बघत गात होता. तासभर झाला, त्याने मान म्हणून वर केली नव्हती. एवढं मन लावून त्या फरशीसाठी आजवर कुणी गायलं नसेल.

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल. दर रविवारी दुपारी तिथे गे पुरुषांचा गाण्याचा गट जमायचा. त्यात गे नसलेला माणूस एकच, तो हा. पेशाने बसड्रायव्हर. गट चालवायचा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. खर्जात गाणारा गटातला एकमेव माणूस बदली होऊन दुसऱ्या शहरात गेला, जाहीर कार्यक्रम तोंडावर आला, आणि भाऊजीचा भांडी घासताना घुमणारा आवाज मेहुण्याने ऐकलेला होता. येता का, असं त्याने विचारलं. भाऊजीने आढेवेढे घेतले नाहीत, कारण त्याच्या मनात काही वाकडं नव्हतंच. फक्त निघताना बायकोने बजावलं होतं की तिथे कुणाकडे टक लावून बघू नका, बरं दिसत नाही. आणि बायकोचं ऐकायचं तर पुरतं ऐकायचं, हा त्याच्या संसाराचा नियम.

शेवटी शेजारी उभ्या असलेल्या सलूनवाल्याला राहवलं नाही.

"बघा हो थोडं आमच्याकडे पण. तिकीट नाही लागत."

सगळा हॉल हसला. भाऊजीही हसला, आणि मान वर आली ती आलीच. मेहुण्याचा भाऊजी बघता बघता सगळ्या गटाचा भाऊजी झाला. कुणाचं कुणाशी बिनसलं की निवाड्याला त्याला बसवायचे. त्याने खर्ज लावला की खिडक्यांची तावदानं थरथरायची, त्यावर दर वेळी नवा विनोद व्हायचा. या वयात नवे मित्र मिळतात हे त्याला माहीत नव्हतं. रविवारची तो शाळेच्या सुट्टीसारखी वाट बघू लागला.

गटाची एक रीत होती. कार्यक्रमाआधी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा आणि त्याची पोस्टरं शहरभर लावायची. ज्याने घरी सांगितलंय त्याने कॅमेऱ्याकडे तोंड करायचं. ज्याने सांगितलं नाही त्याने मागच्या रांगेत पाठ करून उभं राहायचं. का, कशाला, हे कुणी विचारायचं नाही. जुने फोटो भिंतीवर होते. पहिल्यात नुसत्या पाठी आणि मेहुण्याचा एकट्याचा चेहरा. पुढे वर्षागणिक एकेक जण वळत गेलेला. गेल्या वर्षी एकच पाठ उरली होती, मास्तरांची. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. जगाला कळलं तरी चालेल, पण ताईच्या मनातून उतरलो तर मी जाऊ कुठे, असं ते म्हणायचे.

फोटोच्या दिवशी मेहुण्याने आनंदाने सांगितलं, यंदा एक पोस्टर बस डेपोच्या फाटकावर लावायची परवानगी मिळाली. भाऊजीची नोकरी त्याच डेपोत. रविवारी पाठीला मालिश करून घ्यायला जातो, असं त्याने डेपोत ठोकून दिलं होतं. तिथली माणसं मनाने वाईट नव्हती, पण एकदा कुणाला धरलं की सोडत नसत. एक जण कधीकाळी झोपेच्या भरात दोन वेगवेगळे बूट घालून आला होता, त्याला अजून सगळे 'जोडी' म्हणतात.

मेहुणा त्याला पुढच्या रांगेत मधोमध उभा करायला निघाला. मेहुण्याला किती लागेल हे कळत होतं, तरी भाऊजी मागे गेला आणि मास्तरांच्या शेजारी पाठ करून उभा राहिला.

मेहुण्याने काही विचारलं नाही, रीतच तशी होती. हातातले कागद मात्र तो उगाचच सारखे करत राहिला.

मास्तरांनी हळूच विचारलं, "तुमचं काय अडलं?"

"डेपोत सांगितलेलं नाही."

"काय सांगायचंय? बायको-मुलांचे धनी तुम्ही."

"हेच, की मी तुमच्यात गातो. हसतील हो मला."

मास्तरांचे खांदे हलू लागले. भाऊजीला वाटलं, रडतायत. ते हसत होते.

"मला वाटायचं ही भीती आमच्याच नशिबी लिहिलीय," डोळे पुसत ते म्हणाले. "एकटे वळाल का?"

"नाही."

"मग चला. मी येतो सोबतीला."

त्यांनी भाऊजीचा दंड घट्ट धरला आणि दोघे एकदमच वळले. फोटोत भाऊजी चोरी पकडल्यासारखा दिसतो. मेहुण्याचा चेहरा आलेलाच नाही, तो मान वळवून मागे बघतोय.

डेपोत व्हायचं ते झालं. भाऊजीचं नाव 'गवई' पडलं. सगळ्यात मोठ्याने जोडी हसला, आणि मग कोपऱ्यात घेऊन त्यानेच विचारलं, कार्यक्रमाला बायकोला घेऊन आलो तर चालेल का. भाऊजीचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा मात्र टांगणीला लागला होता. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच पोस्टर होतं, आणि ताई त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. मास्तरांची अन्नावरची वासना उडाली. आपल्या भित्रेपणापायी या माणसाचं घर मोडतंय, असं वाटून भाऊजीला चैन पडेना.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, काठी टेकत एक वृद्ध बाई त्याच्या बसमध्ये चढल्या. सीटवर न बसता त्याच्या मागचा दांडा धरून त्यांनी त्याचा चेहरा न्याहाळला.

"माझ्या धाकट्या भावाशेजारी उभे आहात ते तुम्हीच ना?"

भाऊजीला बस सुरू करायचं भान राहिलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. तो हो म्हणाला.

"मला लांबचं दिसत नाही. संध्याकाळी पुढे जागा धराल का माझ्यासाठी?"

"धरतो, ताई."

"त्याला आधी सांगू नका हं," त्या म्हणाल्या. "घाबरला की त्याचा सूर जातो. म्हणून तर इतकी वर्षं मीही काही विचारलं नाही."