बिनबैलाचा मानकरी

कुसळवाडी नकाशावर शोधायची असेल तर नगर जिल्ह्याच्या पूर्वेला बोट फिरवत जावं आणि घशाला कोरड पडली की थांबावं. तिकडे पश्चिमेला, अकोले तालुक्याच्या डोंगरात, पाऊस इतका सांडतो की लोक त्याला कंटाळतात. तेच ढग मग देवळाली प्रवरेच्या उसावरून डुलत डुलत पुढे येतात, आणि कुसळवाडीवर पोहोचेपर्यंत त्यांच्याकडे देण्यासारखी फक्त सावली उरते. कालवेही असेच. शेजारच्या तालुक्यात यायचं, गावाची नुसती चौकशी करायची आणि दुसरीकडे वळायचं. जमीन म्हणाल तर हातभर माती, खाली काळा कातळ. त्यात बाजरी आणि तूर पेरावी लागते. बाभळी मात्र न सांगता येतात.

असल्या जागी गाव वसवायची दुर्बुद्धी कुणाला झाली, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडेल. कुसळवाडीत तो पडत नसे, कारण त्याचं उत्तर दरवर्षी पोळ्याच्या दिवशी वेशीत उभं राहून ओरडून सांगितलं जायचं.

ते सांगायचा मान भागवतचा. बैल तोरणाखालून जायच्या आधी भागवत दगडावर चढायचा, फेटा सावरायचा आणि गावकुळी सांगायचा. "आमचा मूळपुरुष म्हाळोजी डोंगर उतरून आला. तहानेनं जीव कासावीस झाला. हितल्या विहिरीचं पानी प्याला. पानी गोड लागलं. म्हनला, हितंच गाव वसवीन! म्हनून आमी पुढं, गाव मागं!" मग त्याची बैलजोडी पहिली जायची, तिच्यामागे त्याच्या भावकीच्या जोड्या आणि अगदी शेवटी ओढ्यापलीकडच्या उपऱ्यांच्या. उपरे म्हणजे मागून येऊन राहिलेले. कधी आले, हे भावकीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या मागून आले, एवढं पाठ होतं. पिढ्या गेल्या तरी ते उपरेच.

आता भागवतने साठी ओलांडली होती. शेत कसंबसं खायला घालत होतं. भिंगारला नोकरी करणारा मुलगा फोन उचलायचा तो पण घाईतच. घरात बायको गोजरबाई त्याचं ऐकायची, पण पाठ करून. वर्षातून हा एकच दिवस सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत थांबायचं. त्या दिवसावर तो उरलेलं वर्ष काढायचा.

अडचण अशी, की मानकऱ्याकडे बैलच राहिला नव्हता. भावकीने एकेक करून दावणी मोकळ्या केल्या आणि ट्रॅक्टर आणले. बैल उरले ते उपऱ्यांकडे, कारण दिवाळीनंतर त्यांना बैलगाड्या जुंपून उसाच्या तोडीला जावं लागे. गेल्या पोळ्याला भागवतने ट्रॅक्टरलाच झूल घातली, बॉनेटला शेंदूर फासला आणि दिमाखात तोरणाखालून काढला. तोरण सायलेन्सरला अडकलं, आंब्याच्या पानांनी पेट घेतला आणि मानाचा ट्रॅक्टर धूर काढत थेट ओढ्यात उतरला. त्याचा व्हिडिओ पार शनिशिंगणापूरच्या प्रसादाच्या दुकानांपर्यंत पोहोचला.

यंदा पोळा जवळ आला तशी भावकीची बैठक बसली. भागवतचा चुलतभाऊ वाल्मिक म्हणाला, "औंदा खरी जोडी न्हाई आनली, तर मान माझ्याकडं. मी भाड्यानं आनतो, पन बैल आनतो."

दुसऱ्या दिवशी चपला हातात घेऊन भागवतने ओढा ओलांडला आणि रंगुबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

रंगुबाईची खिल्लारी जोडी गावात देखणी. तिने एका बैलाचं नाव टोळीच्या मुकादमावरून ठेवलं होतं मुकादम, दुसऱ्याचं तोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या कारखान्याच्या माणसावरून चिटबॉय. उसाच्या फडावर दिवसभर शिव्या द्यायला ही नावं सोयीची पडत. खरा मुकादम समोर उभा राहून ऐकत असला, तरी त्याला बोलता येत नसे. ती बैलालाच बोलत असायची.

"बस की आन्ना," ती म्हणाली. "ओढा उतरून आलास म्हंजे काम मोठंच हाय."

"जोडी पायजे. मानाला."

"आमची? उपऱ्यांची?"

"बैलाच्या कपाळावर काय लिहिलंय का?"

ती पोटभर हसली. मग म्हणाली, "नेऊ. पन कासरा माज्या हातात राहील. माज्याबिगर ती हलत न्हाईत. आन् तू गावकुळी सांगशील तवा मी एक इचारीन, त्याचं खरं उत्तर द्यायचं. सगळ्यांम्होरं."

बाई विचारून विचारून काय विचारणार, असं मनाशी म्हणत भागवतने लगेच मान डोलावली. घाईत मान डोलावण्याची सवय त्याच्या घराण्यात होती. म्हाळोजीही घाईतच थांबला असणार, नाहीतर दोन कोसांवर गोदावरीकडचा काळाभोर मुलूख सुरू होत होता.

पोळ्याला वेशीत सगळं गाव जमलं. शिंगांना बेगड लावलेले मुकादम आणि चिटबॉय सर्वांत पुढे, कासरा धरून रंगुबाई, कपाळापर्यंत पदर. भावकी कुजबुजली, पण बैल खरे होते, त्यामुळे वाल्मिक आपली भाड्याची जोडी धरून मागे उभा होता. भागवत दगडावर चढला. आवाज असा लागला होता की त्याचा त्यालाच काटा आला.

"तहानेनं जीव कासावीस झाला! हितल्या विहिरीचं पानी प्याला! पानी गोड—"

"ती विहीर कुनी खांदली हुती, आन्ना?" रंगुबाईने विचारलं.

वाजणारी हलगी थांबली.

"कुनी म्हंजे?" भागवत म्हणाला.

"म्हाळोजी आला तवा हितं गाव नव्हतं. मानूस नव्हतं. मग विहीर कशी हुती?"

"देवानं केली!" वाल्मिक ओरडला.

"देवानं खांदली, तर बांधकामाचं दगड काय देवानं डोक्यावर वाहिलं? अन् मोट? ती बी देवच हाकीत हुता का?"

ओढ्यापलीकडची पोरं फिदीफिदी हसली. अलीकडच्या म्हाताऱ्यांनी घसे खाकरले. इतक्या पिढ्या सगळ्यांनी म्हाळोजीला पाणी पाजलं, आणि कुणाच्याच डोक्यात हे आलं नाही.

खरं तर एकाच्या आलं होतं. भागवत दहा वर्षांचा असताना त्याने बापाला हेच विचारलं होतं. बापाने खाडकन थोबाडीत दिली होती. तेव्हा त्याला वाटलं, प्रश्न मूर्खासारखा होता. आज दगडावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं, की मूर्ख प्रश्नाला बाप हसला असता. थोबाडीत दिली म्हणजे त्याला उत्तर ठाऊक होतं.

"भागवत, पुढं सांग!" वाल्मिक म्हणाला. "बाईच्या नादी कुठं लागतो? हान बैल!"

दोघा-तिघांनी बैलांच्या पाठीवर थापा मारल्या. चिटबॉयने शेपटी हलवली. मुकादमने सावकाश शेण टाकलं. रंगुबाई भागवतकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसती वाट बघत होती.

भागवतला मान हवा होता. एक खोटं बोललं की उरलेला जन्म तो त्याचाच होता, आणि ते खोटं तर तो दरवर्षी बोलतच आला होता. त्याने फेटा काढून काखेत धरला.

"विहीर ह्यांनी खांदली," तो म्हणाला. आवाज फाटला. "ओढ्यापल्याडच्यांनी. आमी मागनं आलो. पानी मागितलं, त्यांनी पाजलं, आन् आमी गाव आमचंच म्हनून बसलो. उपरे आमी हाय."

"अरे येड्या!" वाल्मिकने कपाळावर हात मारला. "मान जाईल!"

"जाऊ दे की. उपऱ्यांनी मागं ऱ्हायाचं, हा कायदा आपलाच हाय."

तो दगडावरून उतरला. रंगुबाईने कासरा जरासा ढिला केला, "चल रं मुकादमा," म्हणाली, आणि जोडी तोरणाखालून गेली. ओढ्यापलीकडच्या बायकांनी ओरडून गाव डोक्यावर घेतलं.

भागवत रांगेच्या पार शेवटी जाऊन थांबला. हातात कासरा नव्हता, ते रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्याला समजेना. पुढून एकेक जोडी सरकत होती. रंगवलेली शिंगं, गोंडे, घुंगरमाळा, पाठीवर गेरूचे ठसे. पोरींनी माळलेले झेंडू, आणि धुऊन पुसून चकचकीत केलेले ते बैल, जे दोन-तीन महिन्यांनी उसाच्या मोळ्यांखाली वाकणार होते. अलीकडच्या अंगाची वाल्मिकची भाड्याची जोडी सोडली, तर सगळेच पलीकडचे. रांग वेशीतून पार मारुतीपर्यंत गेली होती. भागवतचे डोळे भरून आले. मान गेल्याचं दुःख होतं ते होतंच, पण त्याच्या अंगावर पडलं ते दुसरंच काहीतरी.

मागे गोजरबाई ओवाळणीचं ताट घेऊन बायकांत उभी होती.

"गोजरे," तो म्हणाला, "हिकडं ये. बघ तरी. काय दिसतोय पोळा!"

"मला काय दावताय?" गोजरबाई म्हणाली. "मी दरसाल हितनंच बघते. तुमी पुढं असायचा, तुमालाच कवा दिसला न्हाई."