पाचवं तिकीट

प्रत्येक पुरुषाच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो, की त्याला एकट्याने जगाला सामोरं जावं लागतं. सिद्धांत धैर्यवानच्या आयुष्यात तो एकतिसाव्या वर्षी, एका गुरुवारी उगवला. दारातच आईने विचारलं, "रुमाल घेतलास?"

"घेतला."

"बँकेत जायला एवढा चापूनचोपून भांग?"

सिद्धांत आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता. तो बँकेत नाही, परळच्या एका जुन्या थिएटरात चालला होता. तिथे 'रुमाल घेतलास?' नावाचा सिनेमा लागला होता. गिरगावातल्या त्यांच्याच वाडीतल्या स्वप्नीलने तो काढलेला. त्यात आईने जपून जपून वाढवलेला एक तरुण होता. त्याचं ऑफिस घराच्या खिडकीतून दिसायचं आणि आई रोज खिडकीतून हात करायची. सिद्धांतचंही ऑफिस घराच्या खिडकीतून दिसत असे.

"सिद्धू, एकटा बघ," स्वप्नीलने बजावलं होतं. "काकूंना आणलंस तर बघ!"

सिनेमाचा आज शेवटचा दिवस होता.

तिकीटखिडकीवरचे दौलतमामा म्हणाले, "चारच झालेत. पाच झाल्याशिवाय शो लावत नाय आपण."

सिद्धांत धरून चार. एक रामदास नावाचे निवृत्त गृहस्थ, ते एसीत झोपायला आले होते. आणि एक जोडपं, त्यांचा पडद्याशी काही संबंध नव्हता.

"मी दोन तिकिटं घेतो ना."

"तिकिटं नाय रे बाबा, डोकी मोजतो. बोलव ना कोणाला तरी. दोस्त वगैरे?"

सिद्धांतने फोन काढला. त्यात तेरा नंबर होते. त्यातले चार डॉक्टरांचे, दोन मावश्यांचे. स्वप्नील पुण्यात होता. शो साडेबाराचा होता आणि घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याने आईला फोन लावला.

सुमतीबाई वीस मिनिटांत टॅक्सीने आल्या. सोबत पाण्याची बाटली आणि स्वेटर. बँकेबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "एसी असेल म्हणून आणलाय."

सिनेमा सुरू झाला. पडद्यावरच्या आईने मुलाच्या डब्यातल्या माशाचे काटे काढून दिले, तेव्हा सुमतीबाई कुजबुजल्या, "इतकं काय लाडावून ठेवायचं पोराला! अशाने मुलं बावळट होतात." असं म्हणत त्यांनी सिद्धांतच्या गुडघ्यांवर स्वेटर पसरला.

सिद्धांत इतका हसला की रामदास जागे झाले. मग तेही शेवटपर्यंत झोपले नाहीत.

शेवटी पडद्यावरचा मुलगा एकटा बसमध्ये चढला. आई खिडकीत उभी राहिली आणि बस दिसेनाशी झाल्यावरही हात हलवत राहिली. सुमतीबाईंनी सिद्धांतच्या खिशातला रुमाल मागून घेतला.

बाहेर उन्हात आल्यावर त्यांनी विचारलं, "स्वप्नीलने हे कुणावरून घेतलंय रे?"

"कुणावरून नाही गं. काल्पनिक आहे."

"हं," त्या म्हणाल्या. "तरी त्या बाईचं काही चुकत नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "फार नाही चुकत."

टॅक्सी थांबली. सिद्धांतने त्यांच्यासाठी दार उघडलं, पण स्वतः बसला नाही.

"आई, तू हो पुढे. मी बसने येतो."

"गिरगावची बस कुठून सुटते, माहितीये?"

"माहितीये."

तेवढ्यात समोर बस आलीच. सिद्धांत धावत जाऊन चढला, खिडकीची जागा पकडली आणि त्याने मान बाहेर काढून हात हलवला. तो इतका खूश दिसत होता, की टॅक्सीवालाही हसला.

सुमतीबाईंनी बसवरची पाटी वाचली. ओरडायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत रुमाल हलवला.

बस शिवडीची होती.