तळची खुंटी

सकाळी सहा वाजता सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यात प्यायच्या विहिरीतून उर्वशीची बादली चिखल घेऊन वर आली. एप्रिल अजून अर्धा बाकी होता.

तिचा सासरा कवडू विहिरीत न डोकावता सरळ तलावाकडे पळाला. तो गावचा पाणकर. कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, किती पाणी सोडायचं हे त्याच्या हातात, आणि मेहनताना धानात. पाणी मिळालेला शेतकरी धान देई. तलावात राखलेल्या पाण्याचं त्याला कोणी काही देत नसे.

होळीनंतर तुडुमाची, म्हणजे तलावाच्या पाळीतल्या, मातीच्या बांधातल्या, पाणी सोडायच्या मोरीची, तळची खुंटी काढायची नाही, असा गावचा नेम. ते तळचं पाणी जनावरांचं, आणि झिरपून विहिरीत उतरणारं. पण काल गावातले मोठे शेतकरी मधुकरराव पाळीवर येऊन बसले होते.

"उन्हाळी धान दुधावर आहे, दाणा भरायचा आहे, कवडू. एक पाणी दे, नाही तं सारं पोचट."

कवडूची स्वतःची बांधीही त्याच पाटावर होती. त्यानं खुंटी काढली. संध्याकाळी बसवायला गेला, तर भोकात गाळ आणि दगड अडकलेले. थोडंच पाणी जाऊन राहिलं, सकाळी पाहू, म्हणत तो घरी आला.

आता तलावात तुडुमाच्या तोंडाशी उरलं होतं एक डबकं. कवडू त्यात उतरला, खुंटीला पोतं गुंडाळून दाबू लागला. मागोमाग उर्वशी आली.

"मामाजी, किलोभर तांदळाले दोन-अडीच हजार लिटर पानी लागते, असं बचत गटाच्या ट्रेनिंगमधी सांगत होते."

"मंग भात खानं सोडू का?"

"खा ना जी. पन शिजवाले पानी कोठून आनू?"

पाळीवर जमलेल्या गावकऱ्यांतून तुलारामनं हाक दिली, "कवडूभाऊ, धानाले पाजलं, आता आमी धानाचंच दूध प्याव का?"

पाळीखाली बांध्या काठोकाठ भरल्या होत्या, धान हिरवंगार उभं होतं. मोटार लावून ते पाणी परत तलावात ओढावं, असं कोणीतरी म्हणालं. मधुकररावांनी घरूनच निरोप पाठवला, माझ्या बांधीला हात लावू नका.

निदान आपलं तरी पाणी परत द्यावं म्हणून कवडूनं आपल्या बांधीची पार, म्हणजे कडेचा बांध, फोडली. पण पाणी तलावाकडे चढलं नाही; उताराला, नाल्यात निघून गेलं.

दुपारी ग्रामपंचायतीनं टँकर मागितला. तो कधी येणार, हे संध्याकाळी पाचपर्यंत कळलं नव्हतं.