जनतेचा बाक

मित्रांनो, माझ्यावर नऊ माणसे ऐसपैस बसतात आणि दाटीवाटी केली तर अकरा. मध्य अमेरिकेतल्या एका छोट्या देशाच्या मध्यवर्ती बँकेतला मी जुना बाक आहे. देशातल्या सगळ्या बँकांवर नजर ठेवायची आणि व्याज चढवायचे की उतरवायचे ते ठरवायचे, हे आमच्या बँकेचे काम.

एकदा एकाच आठवड्यात तीन मोठ्या बँका बुडाल्या आणि लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा संसदेने कायदा केला. मध्यवर्ती बँकेच्या बैठका जनतेसमोर होतील. सात संचालकांपैकी एक जनतेचा असेल, आणि त्याचा बँकवाल्यांशी काडीचाही संबंध नसेल. जनतेला बसायला एलेउतेरिओ सुताराने मला महोगनीतून घडवले. रंधा मारताना तो म्हणाला, "फार गुळगुळीत करत नाही तुला. झोप लागली तर त्यांचा काय उपयोग?"

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. बसचालक, शिक्षिका, निवृत्त टपालवाले माझ्यावर बसून सगळे ऐकत. बोलण्याआधी गव्हर्नरसाहेब माझ्याकडे एकदा पाहून घेत. वर्तमानपत्रांनी माझे कौतुक छापले.

मग बँकमालकांचा संघ गव्हर्नरांना जेवायला बोलावू लागला. निर्णय जेवणाच्या टेबलावर व्हायचे, सभागृहात फक्त हात वर व्हायचे. जनतेच्या जागी एका बँकमालकाचा जावई आला. भिंती रंगवायच्या म्हणून मला बाहेर काढले. रंग केव्हाच वाळला, मी मात्र बारा वर्षे बोळातच राहिलो. माझ्यावर छत्र्या आणि खोकी पडू लागली. मित्रांनो, मला रडू आले नाही. मला राग आला होता.

जावयाची मुदत संपली आणि त्यानंतरच्या बैठकीच्या दिवशी ओब्दुलियाबाई आल्या. त्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात होत्या. व्याज चढले, कारखाना बंद पडला आणि एकतीस बायका घरी बसल्या. त्यातल्या चौघी त्यांच्याबरोबर होत्या. रिकाम्या जागी आज बँकमालकांच्या संघाचे वकील लिसांद्रो यांची निवड होणार होती.

"बाक कुठे होता हा?" बोळात मला पाहून ओब्दुलियाबाईंनी म्हाताऱ्या पहारेकऱ्याला, बाउदिलिओला विचारले.

"आत होता, बाई. पूर्वी."

"मग धरा गं," त्या म्हणाल्या. छत्र्या जमिनीवर गेल्या. पाच जणींनी मला उचलले आणि थेट सभागृहात नेऊन टेकवले.

गव्हर्नर म्हणाले, "बाई, हा तज्ज्ञांचा विषय आहे. तुम्हाला नाही कळायचा."

"व्याज चढलं आणि आमचं काम गेलं, एवढं कळलं, साहेब. बाकीचं मोठ्यानं बोला, म्हणजे तेही कळेल." मग त्यांनी कायद्याचा कागद उघडून जनतेच्या संचालकाबद्दलचे चौदावे कलम वाचले आणि लिसांद्रोंकडे वळल्या. "वकीलसाहेब, संघाची कामं किती वर्षं बघताय?"

"अठरा," ते पुटपुटले.

"मग जनतेचे कधी झालात?"

गव्हर्नरांनी बाउदिलिओला या बायकांना बाहेर काढायला सांगितले. तो जागचा हलला नाही. "कायदा त्यांच्या हातात आहे, साहेब. माझ्या हातात नुसत्या किल्ल्या आहेत."

बैठक तहकूब झाली. पुढच्या बुधवारी त्या पुन्हा आल्या, फडक्यात मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले बांधून, आणखी वीस जणींना घेऊन. त्याच्या पुढच्या बुधवारीही. जागा पुरेना, तेव्हा बायका माझ्या पाठीला टेकून उभ्या राहिल्या. अखेर संसदेने गव्हर्नरांना जाब विचारला, लिसांद्रोंनी आपले नाव मागे घेतले, आणि ती जागा गणिताच्या एका निवृत्त शिक्षिकेला मिळाली.

मित्रांनो, कारखाना काही पुन्हा सुरू झाला नाही. मतदानात या शिक्षिकाबाई बहुतेक वेळा सहाविरुद्ध एक अशा हरतात. पण हरण्याआधी त्या प्रत्येकाला विचारतात, "कारण सांगा." आणि सहाही जणांना ते माझ्यासमोर सांगावे लागते.

परवा एक अधिकारी म्हणाला, "बाक फार जुना झाला. चांगलं पॉलिश करून संग्रहालयात ठेवू या." मला पॉलिश नको, मित्रांनो, आणि काचेमागची जागाही नको. माझी काळजी घ्यायचीच असेल तर बुधवारी दहा वाजता या, आणि माझ्यावर बसा.