तांदळाची परीक्षा

शेषेराव गुरवाने पळसाचं पान धोंडाबाईच्या हनुवटीखाली धरलं.

"थुक."

ती थुंकली. पानावर कोरडं पीठ पडलं. अंगणात जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

हदगावात चोर धरायची ही जुनी रीत. देवीपुढे ठेवलेले तांदूळ चावायला द्यायचे. खऱ्याचे ओले होतात, चोराचे कोरडे राहतात. बापूसाहेबांच्या घरातून मालकिणीच्या पाटल्या गेल्या होत्या. घरात वावरणाऱ्या बाकीच्या तिघींचे तांदूळ छान ओले निघाले. कोरडे निघाले ते एकट्या धोंडाबाईचे, जिचे केस याच घरची भांडी घासता घासता पांढरे झाले होते.

"म्या न्हाई घेतल्या, मालक," ती म्हणाली. जीभ टाळूला चिकटत होती, त्यामुळे खरं बोलणंही खोट्यासारखंच ऐकू आलं.

बापूसाहेब कापसाचे बडे व्यापारी, शब्दाचे पक्के. त्यांनी एकदाच मान हलवली.

"अमीनसाहेबांना बोलवा."

अमीन म्हणजे निजामाचा फौजदार. त्याच्या ठाण्यात जाऊन आलेल्या बाईला मग गावात कोणी दारात उभं करत नसे.

"अण्णा, थांबा."

बापूसाहेबांची लेक सौदामिनी ओसरीवरून खाली उतरली. ती हैदराबादच्या कॉलेजात शिकत होती आणि सुटीला घरी आली होती. तिथे ती मनाचं शास्त्र शिकते, तेही उर्दूतून, एवढंच घरच्यांना ठाऊक. आईला वाटे, पोरगी लोकांच्या मनातलं ओळखायला शिकली. शेजारीण आपल्याबद्दल काय विचार करते, हे तिने लेकीला दोनदा विचारूनही घेतलं होतं.

"तू मधीच काय करून राहिलीस?" बापूसाहेब म्हणाले.

"तांदूळ तपासून बघू म्हणते. माणूस घाबरलं की तोंडाला कोरड पडते. मग हे चोरीनं कोरडे राहिले की भीतीनं, ते कसं कळणार? ज्यानं चोरी केलीच नाही हे पक्कं ठाऊक आहे, अशाला चावायला द्या. त्याचे ओले निघाले तर मी गप बसते."

"असा कोण हाय?"

"तुम्ही. पाटल्या गेल्या तेव्हा तुम्ही नांदेडला होता."

बापूसाहेब पोट धरून हसले. मग त्यांनी ऐटीत हात पुढे केला.

"आण, शेषेराव."

"पण सगळं धोंडाबाईसारखंच व्हायला हवं," सौदामिनी म्हणाली. "एक गोष्ट बदलली तरी परीक्षा फुकट. शेषेरावकाका, तिघींना तुम्ही नुसतं 'चाव' म्हणालात. धोंडाबाईला काय म्हणालात?"

गुरव चुळबुळला. "मालकांना कसं म्हणू, ताई?"

"म्हण," बापूसाहेब म्हणाले. ते अजून हसतच होते.

धोंडाबाईला बाजूला करून ते तिच्या जागी उभे राहिले. शेषेरावाने डोळे मिटून घेतले आणि एका दमात सगळं म्हणून टाकलं.

"तूच घेतल्यास. साऱ्या गावाला ठाऊक हाय. कोरडे निघाले तर देवी तुझं घर उजाड करीन. चाव!"

बापूसाहेबांना 'तू' म्हणणारं माणूस गावात उरलं नव्हतं. त्यांनी तांदूळ तोंडात टाकले. अंगण त्यांच्याकडे पाहत होतं, मघाशी धोंडाबाईकडे पाहत होतं तसंच, डोळे रोखून. त्यांचं हसू गेलं. कान तांबडे झाले. जबडा हलत राहिला आणि गळ्याची घाटी नुसतीच वरखाली झाली. सौदामिनी एक पाऊल पुढे सरकली. ओले निघाले तर ही म्हातारी आपल्या डोळ्यांदेखत ठाण्यात जाणार होती.

"थुका," गुरव पुटपुटला.

पानावर कोरडं पीठ पडलं.

बायका पानावर वाकल्या. मग एकीने पदर तोंडाला लावला, तिचं हसू फुटलं आणि सगळं अंगण हसायला लागलं. सौदामिनीला नाचावंसं वाटलं. आजवर पुस्तकात होतं ते इथे, तिच्या अंगणात, तिच्या बापाच्या तोंडातून बाहेर पडलं होतं!

"मग पाटल्या नेल्या कोणी गं?" आईने विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. तांदळालाही नाही."

धोंडाबाई डोळे पुसत मागच्या दाराकडे वळली होती. बापूसाहेबांनी डोक्याला रुमाल गुंडाळला, तिला हाताने खूण केली आणि पुढचं दार उघडलं. सकाळपासून तिचं नाव पेठेत चघळलं जात होतं, हे त्यांच्या कानावर होतं. ते तिला घरी पोचवायला निघाले, तेही भर पेठेतून. धोंडाबाई पुढे, मालक मागे.

व्यंकटशेट दुकानातून अर्धे बाहेर आले.

"मालक, आज पायी? अन् हिच्या मागं?"

बापूसाहेब बोलायच्या आधीच धोंडाबाई थांबली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मालकांनी तांदूळ चावले. कोरडे निघाले. पर त्यांनीबी चोरी केली न्हाई."