रुमालाखालची सात वर्षं

श्रीशैलअण्णानं पाच किलोचं लोखंडी वजन उचललं तेव्हा माझा उजवा हात लॅपटॉपवर होता आणि तो त्याला दिसत होता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून 'चुकून लागलं' असं ठरवलं. चुकून वगैरे काही नाही. माझा भाऊ तराजूशेजारी वाढलाय. कुठलं वजन कुठं पडणार हे त्याला चांगलं कळतं.

आम्ही मूळचे गडहिंग्लजचे. अप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. शेतकऱ्यांनी आणलेले गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, व्यापाऱ्यांना विकून द्यायचे, हा धंदा. अण्णा दुकान बघतो. मी अर्थशास्त्र शिकले, गणित जोडीला घेऊन शिकले, आणि त्या वर्षी मला फायनान्शियल इकॉनॉमिक्सच्या मास्टर्ससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक लंडनला, एक वर्षाचा. दुसरा नेदरलँड्समध्ये, दोन वर्षांचा, शिष्यवृत्तीसकट, आणि पुढे पीएच.डी. करावीशी वाटली तर तिचा रस्ता तिथूनच जाणारा. या दुसऱ्या जागेला होय की नाही ते शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं होतं. सहा वाजून गेले की जागा दुसऱ्याची.

यात मारामारीसारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण अण्णानं हातकणंगल्याच्या पाहुण्यांना शब्द दिला होता. पोरगी एक वर्ष लंडनला जाऊन येते, आली की लग्न. बैठकीत लंडनचं नाव काढल्यावर पाहुण्यांच्या माना कशा डोलल्या, ते तो महिनाभर सगळ्यांना सांगत होता. नवरामुलगा मी एकदाच पाहिला. तो त्याच्या फोनकडे पाहत होता.

खरं सांगायचं तर मी स्वतःही डळमळले होते. एक वर्ष लवकर संपतं, भांडण टळतं. म्हणून कॉलेजात आम्हाला शिकवणाऱ्या इरावती मॅडमना विचारायला गेले. त्यांनी माझे कागद टेबलावर असे आपटले की पेनस्टँड आडवा झाला.

"सप्टेंबरात तू तिथं पोचणार आणि डिसेंबरात पीएच.डी.चे अर्ज भरणार. तीन महिन्यांत तुला ओळखणार कोण? शिफारसपत्र कोण देईल, कँटीनवाला? नोकरी हवी असेल तर खुशाल लंडनला जा, ते वाईट नाही. पण संशोधनाचा किडा असेल तर दोन वर्षं घाल. प्रबंध लिही. पीएच.डी.च्या मुलांशेजारी बसून इकॉनॉमेट्रिक्सचा पेपर दे आणि दणकून आपट."

"आणि दोन वर्षांनी पीएच.डी. नकोच वाटली तर?"

"तर नको म्हण. पण स्वतः बघून म्हण, भावाच्या तोंडानं नको."

माझा किडा बाजारातलाच होता. आता गुळाचे सौदे उघड बोलीनं होतात, पण जुने व्यापारी आपापसात अजून रुमाल वापरतात. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. जितकी बोटं धरली तितका आकडा, सगळा पंजा धरला की पाच. तोंडातून अक्षर काढायचं नाही. रुमालाखाली काय ठरलं ते तिसऱ्यानं विचारायचं नाही आणि दोघांपैकी कुणी फोडायचं नाही. जो फोडेल त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही. मी अर्जात लिहिलं होतं की असा लपलेला भाव सगळ्यात दुबळ्या माणसाच्या मुळावर येतो, उघड बोली त्याला वाचवते. अप्पांना ते वाचून दाखवलं तर ते फुरंगटून बसले. "उघड बोली म्हंजे नुस्ती बोंबाबोंब," म्हणाले.

पण शुक्रवारी सकाळी दुकानात त्यांनीच मला गादीवर बोलावलं. खांद्यावरचा रुमाल काढला.

"तोंडानं बोलू नगंस. हितं भितीला कान हायती. हात दे."

घरातल्या बाईच्या हातावर आमच्याकडं कुणी रुमाल टाकल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी आकडा न उच्चारता हळूच म्हटलं, "आधी शिक्षण, मग त्याच्या वर पीएच.डी." आणि त्यांची दोन बोटं दाबली. मग थांबून सगळा पंजा धरला. मास्टर्सची दोन वर्षं आणि पीएच.डी.ची पाच. त्यांच्या तळव्याला घाम आला होता. मग त्यांनी माझी दोन बोटं दाबली, मग पंजा दाबला आणि रुमाल झटकला. सौदा झाला. मी इतकी खूश झाले की समोरच्या रव्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला.

आमची चूक ती हीच. भर दुकानात रुमाल टाकला. हमालांनी पाहिलं, चहाच्या गाड्यावर हसणं झालं, आणि चार वाजता अण्णा लाल डोळ्यांनी आत आला. मी लॅपटॉप उघडून शेवटचा फॉर्म वाचत होते.

"काय ठरलं रुमालाखाली?"

"रुमालाखालचं इचारत न्हाईत," अप्पा म्हणाले.

"मी काय तिसरा हाय व्हय? माझ्या घरचं मला इचारायचं न्हाई?" त्यानं अप्पांची गचांडी धरली. "पावण्यास्नी काय सांगू? किती वर्सं? बोला की!"

अण्णानं त्यांना ढकललं. सत्तरीचा माणूस रव्यांच्या थप्पीवर पाठीवर पडला, वरचे दोन रवे अंगावर आले. मी उठले तर मला अशी थोबाडीत बसली की कानात शिट्टी वाजायला लागली. दाराशी चार माणसं उभी होती, त्यातलं एकही आत आलं नाही.

मग मीही मारलं. पोती ओढायचा लोखंडी आकडा भिंतीला टांगलेला असतो, तो काढला आणि त्याच्या कपाळावर ओढला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. मला वाईट वाटलं नाही. लहानपणापासून त्याच्याकडून खाल्लेल्या मारापैकी एका तरी माराची फेड झाली, असं वाटलं, आणि बरं वाटलं.

"लंडन! एक वरीस!" तो ओरडला. मी आकडा टाकून लॅपटॉपकडं धावले. फॉर्मवर हात ठेवला. त्यानं वजन उचललं.

आवाज दोन आले. एक काचेचा. दुसरा माझ्या बोटांचा.

हाडांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पाच वाजून गेले. कंपाउंडरनं विचारलं, "कसं लागलं?"

"रवा पडला," अण्णा म्हणाला.

"ह्यानं वजन मारलं," मी म्हणाले. कंपाउंडरनं अण्णाच्या कपाळाकडं बघितलं आणि आधी त्याला टाके घालायला नेलं.

माझी तीन बोटं मोडली होती. मधलं तर चपटंच झालं होतं. इंजेक्शननं जीभ जड झाली, छत फिरायला लागलं. बाकड्यावर एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला पट्टी बांधून आलेला अण्णा. माझा फोन त्याच्या हातात होता. माझाच अंगठा लावून त्यानं तो उघडला होता. स्क्रीनवर नेदरलँड्सचं पान, खाली दोन बटणं, एक होकाराचं आणि एक नकाराचं. भिंतीवरच्या घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती.

"अप्पा, तिला शुद्ध न्हाई," तो आता समजुतीनं बोलत होता, आणि तो आवाज मला मारापेक्षा जास्त लागला. "मी न्हाई म्हणून टाकतो. लंडन हायच की. तुमीबी रुमालाखाली एकच म्हणला असाल, मला म्हाईत हाय."

अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला. मला वाटलं, पुन्हा विचारणार. त्यांनी तो माझ्या हातावर धरलाही. मग खाली माझी बोटं पाहिली. ती काळीनिळी झाली होती, एकमेकांना चिकटली होती. दाबायला काही उरलं नव्हतं.

त्यांनी रुमाल मांडीवर टाकला आणि अण्णाचा फोनवाला हात धरला. पन्नास वर्षं ज्या पंजानं लोकांची बोटं दाबून भाव केले, तोच पंजा. हिसका नाही, आरडाओरडा नाही, नुसता दाबत गेले. अण्णा आधी हसला, मग "अप्पा" म्हणाला, मग "आयाई गं" म्हणत बाकड्यावरून खाली गुडघ्यावर आला. त्याच्या मनगटात काहीतरी कटकन वाजलं आणि फोन फरशीवर पडला.

मग अप्पा उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कधी सौद्यात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी दवाखान्याच्या भर गर्दीत, प्लॅस्टरवाल्या माणसांसमोर, ते घसा फाडून ओरडले.

"माझ्या लेकीची दोन वर्सं! वर पाच! सात वर्सं! रुमालाखाली मी हेच दिलंय! एक वार!"

कंपाउंडर दारात आला.

"दोन वार! हाय कुणी बोलणारं?"

अण्णा मनगट धरून जमिनीकडं बघत होता.

"तीन वार!"

त्यांनी फोन उचलला, धोतराला पुसला आणि माझ्या डाव्या हाताशी धरला. अप्पांना इंग्रजी वाचता येत नाही. कुठलं बटण कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी डाव्या अंगठ्यानं होकार दाबला. सहाला दोन मिनिटं होती.

डॉक्टरांनी बोटं बांधली आणि हात गळ्यात अडकवायला फडकं मागितलं. अप्पांनी मांडीवरचा रुमाल दिला. मी रडत होते, बोटांमुळं नाही.

"अप्पा, फोडलंसा तुमी. आता यार्डात तुमच्या हातात हात कोण देणार?"

"कोण न्हाई," अप्पा म्हणाले, आणि माझ्या मानेमागं रुमालाची गाठ मारत राहिले. सैल झाली म्हणून ती गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा मारली.