ओकबुनच्या सत्तरीची खोली

नामहे गावच्या मासळी बाजारात ओकबुनचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. ती मांदेली विकते, ताजी, सुकी आणि खारवलेली. मी खायचं समुद्री शेवाळ विकते. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. तेव्हा तिचा मुलगा किथे शाळेत जात होता आणि मुलगी मीरान तिच्या पाठीला बांधलेली असायची. दोघांना तिने इथेच बसून वाढवलं. किथे शिकला, बुसानला मोठ्या कंपनीत लागला आणि तिथल्याच एका डॉक्टरच्या मुलीशी लग्न केलं. मीरानचं चिंजूला पार्लर आहे. पुढचं सगळं मला मीरानने सांगितलं. ओकबुन त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

ओकबुनला सत्तरावं लागलं तेव्हा तिला घरीच, वाढदिवसाला करतात ते शेवाळाचं सूप करून चार माणसं जेवायला बोलवायची होती. मलाही बोलावलं होतं. पण आदल्या वर्षी किथेने आपल्या सासूची सत्तरी बुसानच्या समुद्रकाठच्या एका भारी हॉटेलात केली होती, आणि ते आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. सासूला हॉटेल आणि आईला घरचं सूप, असं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं. त्याने लगेच फोन केला.

"आई, तू फक्त ये. त्याच हॉटेलात समुद्रासमोरची खोली घेतलीय."

"समुद्र मी रोज बघते रे."

"हा वेगळा समुद्र आहे."

ओकबुनने नवीन जाकीट घेतलं. जाताना सुनेसाठी खारवलेल्या मांदेलीची बरणी भरली. झाकणावर प्लास्टिकचे तीन पदर, वर दोरी, आणि सगळं बोचक्यात बांधलेलं. तिची ती मांदेली दूरदूरहून माणसं येऊन नेतात. रिकाम्या हाताने सुनेकडे कसं जायचं, असं तिला वाटलं.

ओकबुन मीरानबरोबर पोचली तेव्हा हॉटेलच्या दारात सून सोनहे उभी होती. तिने आधी बोचकं पाहिलं, मग सासूला.

"आई, हे काय आणलंत?"

"थोडी मांदेली गं. तुला."

"असू दे. हे हातात घेऊन आत नको जायला." तिने ते बोचकं दारावरच्या माणसाकडे दिलं आणि त्याने ते बाकीच्या सामानाबरोबर ढकलगाडीवर ठेवलं.

आत गेल्यावर कळलं की खोली तयार नाही. मागून आलेली माणसं चाव्या घेऊन वर गेली, ही चौघं मात्र गुळगुळीत खुर्च्यांवर बसून राहिली. किथे दोनदा जाऊन विचारून आला आणि दोन्ही वेळा हसत परतला. "मोठी हॉटेलं अशीच असतात. नीट साफ करतात ना," म्हणाला. मीरानने विचारलं, "दादा, निदान पाणी तरी मिळेल का आईला?" पाणी विकत होतं. ओकबुन म्हणाली, तहान नाही.

शेवटी वर गेले. दार उघडलं आणि वास आला. मोरी तुंबल्यावर येतो तसा, कुजक्या पाण्याचा. चौघांनाही आला. किथेने पडदा सरकवला. समोर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या होत्या आणि दोन भिंतींच्या फटीतून हातभर समुद्र दिसत होता. सोफ्यावर चहाचा जुना डाग होता, आणि नळ सोडला तर पाणी कोमट येत होतं.

"समुद्र दिसतोय," किथे म्हणाला.

"माझ्या आईला आख्खा दिसत होता," सोनहे म्हणाली. "फळांची थाळीही ठेवली होती खोलीत. आणि किथे, माझे आई-बाबा जेवणाआधी खोली बघायला वर येणार आहेत. या वासात बसवणार आहेस त्यांना?"

किथेने खाली फोन केला. एक बाई आली, सुगंधी फवारा मारून गेली. आता फुलांचाही वास आला आणि मोरीचाही. तेवढ्यात सामानाची गाडी वर आली. ओकबुनने आपलं बोचकं उचलून कपाटात ठेवलं आणि पलंगाच्या कडेला, जाकीट अंगातच ठेवून, बसली.

दुसऱ्यांदा फोन केल्यावर प्यो नावाचा मॅनेजर आला. चाळिशीचा, केस चापून बसवलेला, कमरेतून वाकून बोलणारा. त्याने न्हाणीघरात डोकावून पाहिलं नाही. खोलीत फिरला, कपाट उघडलं, बोचक्याकडे बघितलं.

"आपण काही खाण्याचं सोबत आणलंय का?"

"मांदेली आहे," ओकबुन म्हणाली. "खारवलेली. पण बंद आहे ती, साहेब."

"अच्छा," प्यो म्हणाला.

मीरान पुढे झाली. "अहो, बोचकं आत्ता आलं वर. वास आम्ही दार उघडलं तेव्हापासूनचा आहे. न्हाणीघरातल्या जाळीपाशी नाक नेऊन बघा."

प्यो मीरानकडे बघून हसला आणि किथेशी बोलला. "साहेब, हॉटेलची तक्रार असेल तर मला ती वर कळवावी लागते, मग दुरुस्तीवाले येतात, आजचा दिवस त्यात जाईल. दुसरी खोलीही लगेच देता येणार नाही. पण पाहुण्यांच्याच सामानाने वास आला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सफाईचा दंड लागतो. पण आज मातोश्रींचा वाढदिवस आहे, म्हणून तो दंड मी विसरेन. वरच्या मजल्यावर समुद्रासमोरची खोली रिकामी आहे, ती देतो. माझं एवढंच म्हणणं आहे, की कारण काय ते स्पष्ट असावं."

सोनहेने घड्याळ पाहिलं. तिचे आईवडील निघालेही होते.

किथे आईजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, एकदा म्हणून टाक."

"काय म्हणू?"

"तुझ्या मांदेलीचा वास आहे म्हणून."

"दादा, लाज वाटते का तुला?" मीरान म्हणाली. "तुझ्याही नाकाला कळतंय कसला वास आहे तो."

"तू गप्प बस. बिल तू भरणार आहेस का?"

ओकबुनने मुलाकडे बघितलं. मीरान सांगते, तेवढा एकच क्षण आईच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, जणू ती त्याला अजून एक संधी देत होती. किथेने नजर फिरवली. मग ओकबुन उठली, जाकीट नीट केलं आणि प्योसमोर वाकली. पार कमरेतून.

"माझ्यामुळे झालं. माफ करा."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण किथेला शांतता सहन झाली नाही. तो प्योकडे बघून हसला. "आईला कळत नाही हो. आयुष्यभर मासे कापले, नाकच मेलंय बिचारीचं."

प्यो हसला. सोनहेही जरा हसली. आणि सगळे हसतात म्हणून ओकबुन पण हसली.

हॉटेलच्या माणसांनी घाण वस्तू दोन बोटांनी उचलावी तशी बरणी उचलून नेली. कुठे नेली, कोणी विचारलं नाही. वरच्या खोलीतून समुद्र आख्खा दिसत होता. किथेने आईला खिडकीपाशी उभं करून फोटो काढले. "हसा ना आई," सोनहे म्हणाली. ओकबुन हसली. मीरानने त्या फोटोंत यायला नकार दिला.

व्याही आणि विहीणबाई आले, खोली पाहिली, बरी आहे म्हणाले आणि सगळे खाली जेवायला गेले. भल्यामोठ्या पांढऱ्या ताटल्या आणि मधोमध घासभर जेवण. वाढदिवसाचं शेवाळाचं सूप आलं ते पार निवलेलं. डॉक्टरसाहेबांनी चमचा खाली ठेवला. किथे म्हणाला, इथला आचारी परदेशात शिकून आलाय, आणि एकटाच सगळं संपवत राहिला.

बोलायला काही उरलं नाही तेव्हा त्याने सकाळची गंमत काढली. आईने मांदेलीची बरणी कशी आणली, खोलीभर वास कसा झाला, मॅनेजर कसा धावत आला. रंगवून सांगितलं त्याने. डॉक्टरसाहेब हसले. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत.

"कसला वास होता? मोरीसारखा?" त्यांनी विचारलं.

"मांदेलीचा हो, आई," किथे सासूला म्हणाला.

"नाही, मी विचारतेय कारण गेल्या वर्षी आमच्या खोलीतही होता. न्हाणीघरातून यायचा. मी रात्रभर टॉवेल घालून ठेवला होता त्या जाळीवर. तुम्ही एवढा खर्च केलात, म्हणून आम्ही बोललो नाही."

सोनहेने मान खाली घातली. मीरानने दादाकडे रोखून पाहिलं. आता तरी हा काही बोलेल, असं तिला वाटलं. निदान आईकडे बघेल. किथेने तोंड पुसलं.

"तो वेगळा असेल. हा मांदेलीचाच होता. मॅनेजरने तपासलं ना."

विहीणबाई ओकबुनकडे वळल्या. "खरं का हो, विहीणबाई?"

"हो," ओकबुन म्हणाली. "माझ्याच मांदेलीचा. आमच्या अंगालाच असतो तो वास. किथेलाही होता लहानपणी. शाळेत पोरं त्याच्या बाकावर बसायची नाहीत. रडत घरी यायचा. मी त्याला लिंबाने घासून अंघोळ घालायचे. एवढं घासलं, पण पूर्ण गेला का कोणास ठाऊक."

तिने हे सुनेच्या आईवडिलांसमोर, शांतपणे, सूप पीत सांगितलं. किथेचे कान लाल झाले. त्याने ही गोष्ट बायकोला कधी सांगितली नव्हती. सोनहे नवऱ्याकडे बघत राहिली, जणू आत्ताच त्याचा वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी ओकबुन बसने परत आली आणि थेट दुकानावर बसली. मी विचारलं, कशी झाली सत्तरी? म्हणाली, "मोठं हॉटेल होतं." बस, एवढंच.

छुसॉकच्या सणाला किथे दरवर्षी गावी येतो. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना ताट ठेवतात आणि ते मुलाने ठेवायचं असतं. त्याचे वडील तर समुद्रातच राहिले, त्यांना थडगंही नाही, तेव्हा त्या ताटाला जास्तच महत्त्व. आदल्या संध्याकाळी तो सोनहेला घेऊन दारात उभा राहिला. ओकबुन हात पुसत बाहेर आली. त्यांच्या हातातली फळांची पेटी घेतली, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

"तुमच्यासाठी बस स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली घेतलीय."

"का? घर आहे ना आपलं."

"घराला वास येतो रे. सूनबाईला त्रास होईल. पैसे भरलेत मी."

त्याला वाटलं आई रुसलीय, सकाळी बघू. त्या लॉजची भिंत ओलीने फुगलेली आहे आणि खाली कराओके चालतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सकाळी तो लवकर उठून, काळा कोट घालून घरी आला. मी तेव्हा तिथेच होते, तळलेले पदार्थ द्यायला गेले होते. ताट ठेवून झालं होतं. उदबत्ती विझली होती आणि मीरान भांडी आवरत होती.

"आई, माझ्याशिवाय?"

"मीरानने ठेवलं. तुझे बाबा पहाटे होडीवर जायचे, त्यांना लवकर जेवायची सवय. तुझी वाट बघत कुठे बसवून ठेवू त्यांना? बस, जेव."

तो उभाच राहिला. कोटाची बटणं काढायची की ठेवायची, तेही त्याला कळेना. मग बसला आणि जेवला. सोनहेने दोन घास खाल्ले. त्याच दुपारी ते गेले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मीरान म्हणाली, "आई, आता पुरे कर. रडत होता तो गाडीपाशी."

ओकबुन सुऱ्या धार लावायला काढत होती. "रडू दे," म्हणाली. "लहानपणीही रडायचा. तेव्हा मी जवळ घ्यायचे."

नववर्षाच्या सणालाही पितरांना तसंच ताट ठेवतात; तेव्हाही तिने पुन्हा त्याच लॉजमध्ये खोली घेतली. किथे एकटा आला, तिथे राहिला, या वेळी उशीर न करता उजाडायच्या आतच घरी पोचला. दाराला आतून कडी होती. तो ओट्यावर बसून राहिला. आत मीरान वडिलांच्या ताटापुढे वाकून नमस्कार करत होती आणि तिला बाहेर त्याचं खोकणं ऐकू येत होतं. कडी काढू का, असं तिने आईला डोळ्यांनी विचारलं. ओकबुनने नाही म्हणून मान हलवली आणि तिला दुसरा नमस्कार करायला सांगितलं.